स्ट्रॉबेरीची लिफ्ट

आमच्या घरात ज्याला बाथरूमला जायचं असेल त्याला आधी मला उठवावं लागतं. माझं शिलाई मशीन पॅसेजमध्ये आहे, बाथरूमच्या दाराला अगदी लागून. कुणी आलं की मी हातातलं काम थांबवायचं, स्टूल मशीनखाली सरकवायचं, भिंतीला पाठ टेकवून पोट आत ओढायचं आणि येणाऱ्याला वाट द्यायची. तो बाहेर येताना पुन्हा हीच कवायत. सासूबाई दिवसातून अकरा वेळा जातात. उगाच सांगत नाही, मोजलंय. मी सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे आणि पडदे शिवते. मोठा पडदा कापायचा असला की जेवणाचं टेबल रिकामं करून घेते, आणि मग जेवताना भाजीत दोरा निघाला की दोघं मायलेक माझ्याकडे असे बघतात, जणू मी तो चवीला घातलाय.

घरात जादा खोली नाही म्हणाल तर आहे. चांगली चौकोनी, माझं मशीन, कापायचं टेबल, कापडाचे तागे, सगळं मावेल अशी. पण त्या खोलीत माझ्या नवऱ्याचे छंद राहतात. तीन काचांची मत्स्यपेटी आहे, चौथी काच उद्या बसायची आहे. पाठ नसलेली आरामखुर्ची आहे. दोन सायकली जोडून एक दोघांची सायकल करायची म्हणून त्याने दोन्ही सुट्या केल्या. आता तिथे एकही सायकल नाही, नुसते भाग आहेत. एक भिंत छातीपर्यंत निळी आहे, कारण छातीच्या वर रंगवायला स्टूल लागतं आणि स्टूल माझ्याकडे असतं.

बरं, हा माणूस कामात कच्चा आहे म्हणाल तर मुळीच नाही. तो लिफ्ट मेकॅनिक आहे. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत माणसं घाबरली, की याला बोलावणं येतं. हा जातो, दाराशी उभा राहून आतल्यांना धीर देतो, त्यांना बाहेर काढतो आणि लिफ्ट चालू झाल्याशिवाय घरी येत नाही. फक्त घरचं काम म्हटलं की त्याच्या अंगातलं वारं जातं.

तर एका रविवारी मी टेबलावर कुणाचा तरी बारा फुटी पडदा पसरून बसले होते आणि हा समोर स्ट्रॉबेरी खात होता. खाता खाता थांबला. उरलेली अर्धी डोळ्यांजवळ नेली.

"अगं, हिच्या बिया बाहेरून असतात."

"मग?"

"मग काय, केवढी सोय आहे! कापायला नको, काही नको. आपण घरीच लावू. बियांपासून. त्या खोलीत."

माझ्या हातात कात्री होती हे त्याचं नशीब म्हणा की दुर्दैव, मी ती खाली ठेवली. बावीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं: मत्स्यपेटी, आरामखुर्ची, सायकली, निळी भिंत, माझी पाठ, माझं पोट आणि अकरा वेळा. शेवटी म्हटलं, "ठीक आहे. लाव. एक वर्ष देते. वर्षाच्या आत त्या खोलीत स्ट्रॉबेरी पिकली तर ती खोली तुझी, मी जन्मभर पॅसेजमध्ये बसेन आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नाही पिकली तर तू खोली रिकामी करायची. शेवटच्या खिळ्यापर्यंत."

"चालेल," तो म्हणाला.

"आणि गोड असली पाहिजे. कसलं तरी हिरवं बोंड दाखवून चालणार नाही."

"गोड की नाही ते ठरवणार कोण?" सासूबाईंनी विचारलं. त्या वर्तमानपत्रामागे होत्या, पण कान टेबलावर होते.

"हीच ठरवेल," नवरा म्हणाला.

"अरे, तिच्याशीच तर पैज आहे!"

"असू दे. ही कधी कुणाचं मन राखायला खोटं बोललीये का?"

हे खरं आहे. मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते की बाई, या कापडात तुमचा सोफा आजारी दिसेल. सासूबाईंनी केस कापून घेतले तेव्हा त्यांनी कसे दिसतात विचारलं आणि मी सांगितलं. दोन महिने त्या टोपी घालून हिंडल्या. तेव्हा माझ्या खरेपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. आम्ही करार कागदावर लिहिला, तारीख घातली आणि फ्रिजवर चिकटवला.

नवऱ्याने वाचनालयातून स्ट्रॉबेरीचं पुस्तक आणलं. पुस्तकात लिहिलं होतं, फळाची साल पातळ कापून वाळवा, बिया चोळून काढा, ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळा आणि तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे बियांना हिवाळा येऊन गेल्यासारखं वाटतं. त्याने चिमट्याने एकेक बी मोजून ठेवलं. दोनशे चौदा. आठव्या दिवशी सासूबाईंना चष्मा पुसायला काही मिळेना. त्यांनी फ्रिज उघडला, ओला, गार, छान घडी घातलेला टिश्यू दिसला, आणि त्यांनी तो वापरला.

"घरात मुंग्या झाल्यात," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "जिकडे बघावं तिकडे मुंग्या. तुझ्या तोंडावरसुद्धा आहेत."

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पांढरा पडला. "आई, हलू नकोस. डोळ्यांची उघडझापसुद्धा करू नकोस." मग पुढचा तासभर त्या खुर्चीत ताठ बसून होत्या आणि हा त्यांच्या चष्म्यावरून चिमट्याने बिया उचलत होता. चष्मा काढून का नाही उचलल्या, हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी बोलले नाही. करार झाल्यापासून मी ठरवलंच होतं, मदत नाही की खोडा नाही.

हिवाळा उरकल्यावर पेरणी. त्याने कुंड्यांमधली माती स्पिरिट लेव्हल लावून सपाट केली, पट्टीने मोजून एकेक बी बोटभर खोल पुरलं. महिना गेला, दीड महिना गेला, मातीवर काही म्हणजे काही दिसेना. मग एक दिवस मी खोलीत डोकावले तर सगळ्या कुंड्यांवर त्याने कामावरून आणलेल्या पाट्या लावलेल्या: 'बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

नंतर त्याने पुस्तकाचं पान उलटलं. पुढच्या पानाच्या पहिल्याच ओळीत होतं की स्ट्रॉबेरीचं बी पुरायचं नसतं, मातीवर नुसतं टेकवायचं, त्याला उजेड लागतो. असा आमचा माणूस. पुस्तकसुद्धा पानाच्या शेवटापर्यंत वाचतो आणि पुढचं उद्यावर टाकतो. नशिबाने चष्म्यावरून वाचलेल्या बियांपैकी निम्म्या त्याने राखून ठेवल्या होत्या. त्या टेकवल्या, आणि तीन आठवड्यांनी टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी पानं आली. त्या दिवशी त्याने सगळ्या पाट्या काढल्या.

आता पंचाईत उजेडाची. त्या खोलीची खिडकी छताजवळ आहे, तीही न उघडणारी. दुपारी ऊन जमिनीवर पडतं, मग भिंतीवर चढत चढत संध्याकाळपर्यंत वर पोचतं. दुसऱ्या कुणी झाडं उचलून वर-खाली केली असती. याने लिफ्ट केली. खरी लिफ्ट. फळीचा पाळणा, दोन्ही बाजूंना रूळ, जुन्या पंख्याची मोटर, वजनाला माझी बिघडलेली इस्त्री, चार मजले, प्रत्येक मजल्याला बटण आणि पोचल्यावर टिंग वाजणारी घंटा. एका रविवारी सकाळी सुरू केली आणि संध्याकाळी पूर्ण झाली! मी बघतच राहिले. या घरात त्याने पूर्ण केलेली ती पहिली वस्तू, आणि ती स्ट्रॉबेरीसाठी होती. मला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

तो दिवसभर कामावर, म्हणून लिफ्ट चालवायची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. त्या पाठ नसलेल्या आरामखुर्चीत बसायच्या, ऊन चढलं की बटण दाबायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, "दुसरा मजला! सांभाळून!" मशीनवर मला ऐकू यायचं. एकदा त्या रोपांना म्हणाल्या, "गर्दी करू नका, सगळ्यांना जागा आहे." एक फायदा मात्र झाला. ड्युटी सोडवेना म्हणून त्यांच्या बाथरूमच्या फेऱ्या अकरावरून सहावर आल्या.

महिने गेले. रोपं मोठी झाली, सहा चांगली जगली, आणि अकराव्या महिन्याच्या आधीच फुलं आली. पांढरी, पाच पाकळ्यांची, मध्ये पिवळी. नवऱ्याने शेजारच्यांना बोलावून दाखवली. आणि मग एकेक फूल तपकिरी पडून गळायला लागलं. त्याने लिफ्टच्या दुरुस्तीची नोंदवही आणली आणि नोंद ठेवायला लागला: 'फूल क्र. ३. गळाले. कारण: तपास चालू.' 'फूल क्र. ७. गळाले. कारण: तपास चालू.' झाडांना पाणी जास्त झालं का, कमी झालं का, लिफ्ट फार हादरते का, म्हणून त्याने रुळांना वंगण दिलं. फुलं गळतच राहिली.

पुस्तक एव्हाना मशीनच्या कडेला येऊन पडलं होतं. त्यात त्याने खूण म्हणून बसचं तिकीट घातलं होतं, एकेचाळिसाव्या पानावर. मी सहज बेचाळिसावं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: घराच्या आत मधमाशी येत नाही, म्हणून मऊ ब्रश फुलाच्या मधोमध हलक्या हाताने गोल फिरवावा, रोज, नाहीतर फळ धरत नाही. फूल धरल्यापासून फळ पिकायला साधारण महिना लागतो.

कराराला एक महिना आणि नऊ दिवस उरले होते.

मी पुस्तक मिटलं. तिकीट होतं तिथेच ठेवलं. मला फक्त नऊ दिवस मूग गिळून गप्प बसायचं होतं. मी कुणाचं वाकडं करत नव्हते. पान उलटायचं त्याचं काम होतं, त्याने उलटावं. पहिले पाच दिवस माझी झोप उत्तम लागली. मनात मी खोलीत मशीन कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं. खिडकीखाली, डावीकडून उजेड येईल असं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला आणि बूट न काढता थेट त्या खोलीत गेला. मी पडद्याला हुक लावत होते. दार अर्धवट उघडं होतं. तो लिफ्टच्या पाळण्यासमोर वाकून उभा होता, आणि एका फुलाशी त्याच आवाजात बोलत होता ज्या आवाजात तो अडकलेल्या माणसांशी बोलतो.

"घाबरू नका," तो म्हणत होता. "मी आलोय. आत हवा आहे, पाणी आहे. थोडा वेळ लागेल, पण मी कुठे जात नाही."

मला भयंकर राग आला. त्याचा नाही, माझा. मी हुकांचा डबा एवढ्या जोरात बंद केला की सासूबाई "कोण आहे?" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनच्या ड्रॉवरमधून ब्रश काढला. मशीनच्या दातऱ्यांमधला कापसाचा कचरा झाडायला मिळतो तो बारका ब्रश. धुतला, वाळवला. अडचण एकच होती, खोलीत सासूबाईंचा पहारा. पण त्यांनाही सहा वेळा उठावं लागायचंच. त्या आल्या, मी स्टूल सरकवलं, पोट आत ओढलं, त्या आत गेल्या, कडी लागली, आणि मी धावले. पाळणा नेमका तिसऱ्या मजल्यावर होता. बटण दाबून खाली आणला, सगळ्या फुलांमधून ब्रश फिरवला, पाळणा वर पाठवला आणि घंटा वाजू नये म्हणून दोन्ही वेळा ती मुठीत धरली. परत येऊन बसते तोवर कडी निघाली. असं मी रोज करायला लागले. चाळिशीनंतर माणसाने एवढं धावू नये.

तिसऱ्या दिवशी सासूबाई लवकर बाहेर आल्या. मी ब्रश हातात घेऊन फुलावर वाकलेली.

"काय करतेस?"

"धूळ झटकतेय."

"फुलांची?"

"या घरात धूळच फार आहे."

त्यांनी ब्रशकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मात्र त्या आत गेल्या की माझं मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर येत नव्हत्या, आणि एकदा मला उशीर झाला तर आतून खोकल्या.

मग एके दिवशी खोलीतून आरोळी आली. फुलाच्या मध्ये हिरवा मणी धरला होता. नवरा मला हाताला धरून ओढत घेऊन गेला आणि नोंदवही उघडून दाखवली: 'फूल क्र. १२. गळाले नाही. कारण: अनुभव.'

"कुणाचा अनुभव?" मी विचारलं.

"माझा! शेवटी लिफ्ट काय, झाड काय, आवाज ऐकला की दोष कळतो."

मी पोट आत ओढलं आणि परत येऊन बसले. सासूबाईंना जोराचा ठसका लागला.

तीन फळं धरली. कराराच्या शेवटच्या दिवशी त्यातलं एक लाल होतं. कोटाच्या बटणाएवढं आणि एका बाजूने दबलेलं. माझा ब्रश त्या बाजूला नीट फिरला नसणार. नवऱ्याने कामावरचा गणवेश इस्त्री करून घातला होता, खिशावर बिल्ला लावला होता. लिफ्टचा सरकारी तपासनीस येतो तेव्हा तो असाच तयार होतो. फळ त्याने बशीत ठेवलं आणि सुरी आणायला निघाला. "तीन भाग करू."

पण न्यायाधीश मी होते. मी फळ उचललं आणि अख्खं तोंडात टाकलं.

मनात मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. ब्रश फिरवला ते फिरवला, तो माझा वेडेपणा, पण चवीशी माझा काही संबंध नाही. गोड असेल तर गोड म्हणेन, आंबट असेल तर आंबट, आणि आंबट निघाली तर खोली माझी. मग मी चावले.

अशी चव मी आयुष्यात घेतली नव्हती. दोन्ही कानांच्या मागे एकदम कळ गेली. डाव्या डोळ्याने मला न विचारता मिटायचं ठरवलं आणि मी भुवईने त्याला कसाबसा उघडा धरला. जीभ तोंडात जागा शोधत होती. समोर तो बिल्ला सरळ करत उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, आणि श्वास घेत नव्हता.

"गोड आहे," मी म्हणाले.

"खरंच?"

"मी कधी खोटं बोलते का?"

"मग डोळ्यांत पाणी का?" सासूबाईंनी विचारलं.

"आनंदाने."

"तुला?" त्या म्हणाल्या, पण नवऱ्याने त्यांना उचलूनच घेतलं. मग तो जिन्यावर जाऊन शेजाऱ्यांना ओरडून सांगून आला. मी चार पेले पाणी प्यायले आणि पॅसेजमध्ये येऊन बसले. खोली गेली होती. गेली कसली, मी स्वतःच्या तोंडाने घालवली होती. त्या दिवशी एका सोफ्याचं अख्खं कव्हर मी उलट्या बाजूने शिवलं.

आठवड्याने दुसरं फळ पिकलं.

"राहू दे झाडावर," मी म्हटलं. "शोभा येते."

"वेडी आहेस का? मी अजून चव घेतली नाही."

"आईंना दे."

"मला नको," सासूबाई इतक्या झटकन म्हणाल्या की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "दात दुखतात."

तो आत गेला. मी मशीनवर पाय ठेवून बसले, पण पाय चालवला नाही. पाळणा खाली आल्याची घंटा वाजली. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. एवढ्या वेळात त्याने ते एक बटणाएवढं फळ दहा वेळा खाल्लं असतं.

मग काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. काहीतरी जड पडलं. पुन्हा सरकवल्याचा आवाज. दार उघडलं आणि तो बाहेर आला. दोन्ही हातांत तीन काचांची मत्स्यपेटी होती. एक डोळा घट्ट मिटलेला होता आणि ओठ आत गेले होते.

"हे कुठे निघालं?" मी विचारलं.

"भंगारवाल्याकडे. सायकलींचे भाग पण काढतोय. खुर्ची आईला विचारून."

"का? जिंकलास ना तू?"

"जिंकलो ना." त्याने पेटी छातीशी जरा वर घेतली. "माझीच खोली आहे. मी रिकामी करेन नाहीतर काही करेन."

मी त्याच्याकडे बघितलं. बावीस वर्षं मी याला ओळखते. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"फळ कसं होतं?" मी विचारलं.

"गोड," तो म्हणाला. दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी यायला लागलं होतं, आणि हात अडकलेले असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. "तू म्हणालीस तसंच. अगदी तस्संच."

मी उठले आणि माझ्या ओढणीने त्याचे डोळे पुसले. मग मशीनचा प्लग काढला आणि वायर गुंडाळायला लागले.